संगणकाचा पहिला पाठ : यंत्र आणि आज्ञा

संगणक आता खेडोपाडीच्या पुष्कळ प्राथमिक शाळांत पोचला आहे. परंतु यंत्र शाळेत येणे आणि त्याचे ज्ञान मुलांच्या ठायी येणे, ह्या दोन गोष्टी भिन्न होत. कित्येकदा पहिल्या तासिकेस यंत्राच्या भागांची नावे फळ्यावर लिहिली जातात. मुले ती घोकतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितातही. पुढे एके दिवशी पडदा काळा राहतो. दोष तारेत आहे, आज्ञेत आहे की केवळ विजेच्या खटक्यात आहे, हे पाहण्याची रीत कोणासच ठाऊक नसते. यंत्रावर कापड पडते, कापडासह ते कपाटात जाते, आणि त्या वर्षाची मुले संगणकास हात न लावताच शाळा सोडतात. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांचे ह्यात फारसे अडत नाही. ज्यांस तो शाळेतच पाहावयास मिळणार, त्यांची हानी मात्र भरून येत नाही. ह्यास्तव पहिला पाठ नावांचा नसावा, समजुतीचा असावा.

प्रस्तुत पाठ चौथी-पाचवीच्या मुलांसाठी योजिला आहे. त्यास दोन तासिका पुरतात. साहित्य म्हणून एक पाटी, एक वही, ओले फडके आणि जाड कागदाचे काही तुकडे असले म्हणजे झाले. पाठाच्या पूर्वार्धात यंत्राची गरज नाही. ज्या दिवशी वीज नाही, त्या दिवशीही तो घेता येईल.

यंत्रसामग्री व आज्ञावली

प्रारंभी मुलांच्या पूर्वज्ञानाकडे वळावे. गावच्या भजनी मंडळातील पेटी बहुतेक मुलांनी पाहिलेली असते. शिक्षकाने विचारावे : सकाळी शाळेत जिच्यावर प्रार्थना वाजते, तीच पेटी रात्री मंदिरात अभंगास साथ करते, मग पेटी बदलली काय? मुले सांगतील की पेटी तीच, चाल निराळी. येथेच मुख्य भेद मुलांकडून काढून घ्यावा. हाताने उचलता येते, पडले तर फुटते, ती पेटी. डोळ्यांनी दिसत नाही, परंतु जिच्यावाचून पेटी मुकी राहते, ती चाल.

संगणकाचेही तसेच आहे. कळफलक, माऊस, पडदा, छपाईयंत्र, पेटीच्या आतील पट्ट्या व तारा ही सर्व यंत्रसामग्री होय. व्यवहारात तिला हार्डवेअर म्हणतात. ह्या सामग्रीने काय करावे हे सांगणाऱ्या क्रमवार आज्ञांचा जो समूह, ती आज्ञावली. तिला सॉफ्टवेअर म्हणतात. पत्र लिहिण्याची आज्ञावली एक, चित्र काढण्याची दुसरी, हिशेबाची तिसरी. यंत्र तेच राहते, काम बदलते. पेटीची उपमा एका बाबतीत अपुरी पडते, तेही मुलांस सांगावे. पेटीवरील चाल वाजविणाऱ्याच्या मनात असते. संगणकाची आज्ञावली मात्र यंत्रातच साठविलेली असते.

चार मुलांचा संगणक

ह्यानंतर चार मुलांस पुढे बोलवावे. पहिला निरोप्या, तो बाहेरून आलेली संख्या आत सांगतो. दुसरी हिशेबनीस; तिच्यापुढे पाटी असते. तिसरा दवंडीवाला, तो उत्तर वर्गास मोठ्याने ऐकवितो. चौथी वहीवाली, जपून ठेवावयाचे ते ती वहीत उतरविते. कागदाच्या तुकड्यांवर चार आज्ञा लिहून हिशेबनिसासमोर क्रमाने मांडाव्यात.

१. निरोप्याकडून पहिली संख्या घे व पाटीवर लिही.
२. दुसरी संख्या घे व तिच्याखाली लिही.
३. दोहोंची बेरीज करून खाली लिही.
४. उत्तर दवंडीवाल्यास सांग.

त्या दिवशी वर्गात १४ मुलगे व १७ मुली हजर आहेत असे समजू. खेळ चालू होताच दवंडीवाला ३१ ही संख्या ऐकवील. आता फक्त तिसरा कागद बदलावा व त्यावर ‘मोठ्या संख्येतून लहान वजा कर’ असे लिहावे. मुले तीच, पाटी तीच, संख्या त्याच. उत्तर मात्र ३ येईल. यंत्रसामग्रीस हात न लावता आज्ञावली बदलली की काम कसे पालटते, हे मुलांस पाहताक्षणी कळते.

मग प्रत्येक मुलाच्या ठिकाणी यंत्राचा कोणता भाग आहे ते सांगावे. निरोप्या म्हणजे कळफलक. हिशेबनीस म्हणजे प्रोसेसर. दवंडीवाला म्हणजे पडदा. पाटी म्हणजे यंत्राची चालू स्मृती, जिला रॅम म्हणतात. वही म्हणजे कायमची साठवण, अर्थात हार्ड डिस्क वा तत्सम साधन. काम चालू असता लागणाऱ्या संख्याच नव्हे, तर आज्ञाही साठवणीतून काढून चालू स्मृतीत मांडल्या जातात. कोणाची पाळी केव्हा, पाटीवर कोणास किती जागा, हे पाहणारा एक वर्गनायकही लागतो. तो मुलगा नव्हे, तीही एक आज्ञावलीच. तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज व लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे होत.

ह्याच खेळात आणखी दोन प्रयोग अवश्य करावेत. पहिला विजेचा. उत्तर पाटीवर आले आहे, परंतु वहीत उतरविलेले नाही, अशा वेळी शिक्षकाने ‘वीज गेली’ असे म्हणून ओल्या फडक्याने पाटी पुसावी. उत्तर कोठे गेले, असे विचारावे. जे पाटीवर होते ते गेले. जे वहीत होते ते राहिले. केलेले काम मधून मधून जतन का करावयाचे, ह्याचे कारण एवढेच आहे. काही आज्ञावली हे जतन आपोआप करतात; तथापि तेवढ्यावर विसंबू नये.

दुसरा प्रयोग चुकीचा. निरोप्याच्या कानात १४ ऐवजी ४१ सांगावे. दवंडीवाला ५८ अशी घोषणा करील. वर्ग हसेल. तेव्हा विचारावे : चूक कोणाची? हिशेबनीस चुकली काय? नाही. आज्ञा चुकली काय? तीही नाही. चूक आत येणाऱ्या माहितीत होती, आणि यंत्राने ती निमूटपणे पुढे नेली.

हा प्रयोग केवळ गमतीचा नव्हे. मुलाचे नाव, जन्मतारीख, शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, जमिनीचा उतारा ह्या सर्वांची नोंद आज संगणकात होते. नोंद चुकली असता ‘संगणकातच तसे आहे’ एवढे ऐकून कित्येक माणसे माघारी फिरतात. यंत्राने लिहिले म्हणून ते खरे, ही समजूत मुळातच चुकीची आहे. संगणकात जे आहे ते कोणीतरी घातलेले असते, आणि जे माणसाने घातले ते माणसास दुरुस्त करता येते. ज्या मुलाने ५८ची गोष्ट प्रत्यक्ष पाहिली, तो मोठेपणी खिडकीपाशी उभा राहून कागद दाखवील आणि नोंद सुधारून मागेल.

बारा मुलांचा ‘अ’

संगणकास अक्षरे कशी कळतात, हा मुलांचा हमखास प्रश्न असतो. त्याचे उत्तर असे की, त्यास अक्षरे कळतच नाहीत. यंत्राच्या आत अतिसूक्ष्म खटके असतात. प्रत्येक खटका एक तर चालू असतो, नाही तर बंद. चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. सर्व लेखन, चित्रे व गाणी ह्या दोन चिन्हांतच साठविली जातात.

हे दाखविण्यासाठी बारा मुले ओळीने बसवावीत. वर्गाच्या बाजूने पाहता उजवीकडून पहिल्याच्या गळ्यात १ अंकाची पाटी असावी, दुसऱ्याच्या २, तिसऱ्याच्या ४, चौथ्याच्या ८, अशी दर वेळी दुप्पट करीत शेवटच्याच्या गळ्यात २०४८ येईल. मूल उभे राहिले की खटका चालू, बसले की बंद. आता २०४८, २५६, ४ व १ ही चारच मुले उभी करावीत. त्यांची बेरीज २३०९ होते. जगातील लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची एक सर्वमान्य यादी आहे. देवनागरीचा समावेश तिच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत झाला. त्या यादीत ‘अ’ ह्या अक्षराचा क्रमांक २३०९ आहे. म्हणजे ही ओळ म्हणजेच ‘अ’. आता १६ची पाटी असलेल्या मुलासही उभे करावे. बेरीज २३२५ होईल, आणि तो क्रमांक ‘क’ ह्या अक्षराचा आहे. एक मूल उठले आणि ‘अ’चा ‘क’ झाला! साठविताना ह्या क्रमांकाची मांडणी आणखी निराळ्या रीतीने होते. तत्त्व मात्र हेच.

शिक्षकांसही ह्याचा उपयोग आहे. जुन्या फॉण्टात टंकित केलेले मराठी परिपत्रक दुसऱ्या यंत्रावर उघडले असता कधी कधी रोमन अक्षरांची निरर्थक गिचमिड दिसते. तेव्हा परिपत्रक नष्ट झाले वा पडदा बिघडला असे समजू नये. त्या फॉण्टांनी रोमन अक्षरांचेच क्रमांक वापरून त्यांवर मराठी वळणे चढविली होती. तो फॉण्ट त्या यंत्रावर नसला की मूळचे रोमन रूप उघडे पडते. दोष सामग्रीचा नाही, क्रमांकांच्या करारातील आहे.

आपल्या राज्यातील एक उदाहरण

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः रचलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याच्या चालू स्मृतीत ४० खटक्यांची एक अशी २,०४८ घरे होती. बाराव्या मुलाच्या गळ्यातील संख्या हीच, हे मुले चटकन ओळखतील. आजच्या चार गिगाबाइटच्या साध्या संगणकाची चालू स्मृती ह्याच्या चार लाख पटींहून अधिक आहे. आकारमान घटले, वेग व स्मृती वाढली. परंतु माहिती आत घेणे, आज्ञेप्रमाणे प्रक्रिया करणे, स्मृतीत ठेवणे व उत्तर बाहेर देणे हा क्रम तेव्हा होता तोच आजही आहे.

अलीकडे प्रश्नांना सलग वाक्यांत उत्तरे देणाऱ्या आज्ञावलीही प्रचारात आल्या आहेत. त्यांतील प्रत्येक उत्तर कोणी आधी लिहून ठेवलेले नसते. असंख्य लेखांच्या नमुन्यांवरून ते जुळविले जाते. म्हणूनच ते सफाईदार असूनही चुकीचे असू शकते. ५८चा धडा येथेही लागू आहे : उत्तर कसे आले ते पाहावे, आणि पडताळून मगच स्वीकारावे.

बिघाड शोधण्याचा क्रम

दुसऱ्या तासिकेच्या उत्तरार्धात मुलांस प्रत्यक्ष यंत्रापाशी न्यावे व पुढील क्रम तोंडी करून घ्यावा.

प्रथम वीज पाहावी. भिंतीवरील खटका चालू आहे काय? यंत्रावरचा लहान दिवा लागतो काय? दिवा लागत असून पडदा काळा असेल, तर पडद्याचा खटका व त्याची तार पाहावी. ह्या गोष्टी सामग्रीच्या होत. पडदा उजळला आहे, परंतु एकच काम अडून बसले आहे, तर दोष बहुधा आज्ञावलीत असतो. ती बंद करून पुन्हा उघडावी. सर्वच काम अडले असेल, तर यंत्र रीतसर बंद करून पुन्हा चालू करावे. इतके करूनही न सुधारल्यास काय दिसले व काय करून पाहिले ते वहीत लिहून मगच दुरुस्ती करणाऱ्यास कळवावे. ‘संगणक चालत नाही’ ह्या एका वाक्यापेक्षा ‘दिवा लागतो, पडदा लागत नाही, तार बदलून पाहिली’ ही तीन वाक्ये पुष्कळ वेळ वाचवितात.

तारा काढणे-घालणे व पेटी उघडणे ही कामे मुलांनी करू नयेत. ओल्या हाताने कशासही स्पर्श करू नये. मात्र चुकीची कळ दाबल्याने यंत्र मोडते, ही भीती मुलांच्या मनातून समूळ काढावी. लिहिलेले पुसले जाईल, चित्र हरवेल. पेटी फुटणार नाही. महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत ठेवली की तीही भीती उरत नाही.

स्वाध्याय

१. घरातील वा गावातील अशा तीन वस्तू सांगा, ज्यांत यंत्र एक व काम अनेक आहेत.
२. माठातून पेलाभर पाणी काढण्याच्या आज्ञा क्रमाने लिहा. मित्रास त्या शब्दशः पाळावयास सांगा. कोठे अडले?
३. ‘आ’चा क्रमांक २३१० आहे. बारांपैकी कोणती मुले उभी राहतील?
४. वीज गेली असता पाटीवरचे काय जाते व वहीतले काय राहते?

दुसऱ्या प्रश्नाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. ‘पेला आधी माठाखाली धर’ ही आज्ञा लिहावयाची बहुतेक मुले विसरतील आणि पाणी जमिनीवर सांडेल. सांडू द्यावे. आज्ञेतील एक पायरी गाळली असता काय होते, ते मुलांस पुस्तकाहून त्या ओल्या जमिनीवर अधिक स्पष्ट दिसेल.