शाळा बंद असतां घरची शाळा

पावसाळ्यांत अतिवृष्टीचा इशारा आला कीं पालघर जिल्ह्यांतील शाळांस सुट्टी जाहीर होते, हें आमच्या वाचकांस आतां नवें राहिलें नाहीं. जुलै २०१८ मध्यें तर वसई-विरारचा बराच भाग पाण्याखालीं गेला होता. अशा दोन-चार दिवसांच्या सुट्टीनें मुलाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु मार्च २०२० मध्यें कोविडच्या साथीमुळें शाळांचीं दारें लागलीं, आणि राज्यांत पहिली ते चौथीचे वर्ग भरावयास डिसेंबर २०२१ उजाडला. साथ आली तेव्हां जें मूल पहिलींत होतें, तें सारी दुसरी घरींच काढून तिसरींत येऊन बसलें. ‘असर’ नांवाच्या ग्रामीण पाहणींत याचा परिणाम दिसून आला. देशांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीचें पुस्तक वाचूं शकणारीं मुलें २०१८ मध्यें शेंकडा २७.३ होतीं, २०२२ मध्यें तीं शेंकडा २०.५ उरलीं.

अशा वेळीं पुष्कळ आईबाप म्हणतात, “आम्हांला कुठें लिहितां-वाचतां येतें? आम्ही पोरांना काय शिकवणार?” या समजुतीनें मुलांचें जेवढें नुकसान केलें तेवढें कुलुपानेंही केलें नसेल. म्हणून तिचाच विचार येथें करूं.

साथीच्या त्या दिवसांत नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम होत असे. मुलांनीं घरीं करावयाचे खेळ व कृति गांवोगांव कळविल्या जात, आणि मुलें व त्यांच्या माता रेडिओवरून आपण काय केलें तें सांगत. जुलै २०२० पासून सह्याद्रि वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. तींतही घर, स्वयंपाकघर व अंगण यांतून धडा निघे. ही कल्पना आपल्या जिल्ह्यास परकी नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें काम आरंभिलें व पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. महागडीं साधनें परवडत नाहींत म्हणून त्या अडून बसल्या नाहींत. चिंचोके, शिंपले, पानें, खडे यांवरच त्यांची बालवाडी चाले. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शिक्षकच कुरणांत गेले, आणि त्या शाळेस ‘कुरणशाळा’ असें नांव पडलें.

तर चिंचोक्यांपासूनच आरंभ करूं. मूठभर चिंचोके मुलापुढें टाकावे व किती असतील याचा अंदाज आधीं विचारावा. मग मोजूं द्यावे. दहा-दहांच्या पुड्या बांधाव्या. पुडी म्हणजे दशक, सुटा चिंचोका म्हणजे एकक. आतां ४२ मधून १७ काढावयाचे आहेत. मुलापुढें चार पुड्या व दोन सुटे आहेत. दोनांतून सात जात नाहींत, म्हणून त्यानें एक पुडी सोडावी. सुटे बारा झाले. त्यांतून सात काढले, पांच राहिले. पुड्या तीन उरल्या होत्या, त्यांतली एक गेली, दोन राहिल्या. उत्तर २५. जें ‘हातचें घेणें’ फळ्यावर कित्येक महिने डोक्यांत शिरत नाहीं, तें पुडी सोडतांच हातांस कळतें. हें करून घेण्यास आईस अक्षर येण्याची गरज नाहीं. बाजारांत पैसे मोजतांना ती रोज हेंच करिते. वाडींतून केळीचा घड उतरला कीं फण्या मोजवाव्या, वरच्या फणींत किती केळीं, शेवटच्या फणींत किती, चार घरीं सारखीं वांटलीं तर उरलीं किती, हें विचारावें. उरलेलीं कोणीं खावीं, तें मूल न विचारतांच सांगेल.

समुद्रकांठच्या घरीं याहून चांगला धडा आहे. अर्नाळ्याचा किंवा पाचूबंदरचा एखादा म्हातारा कोळी नातवास भरतीची वेळ सांगतो, ती घड्याळ पाहून नव्हे. पंधरवड्याची तिथि घ्यावी व तिची पाऊणपट करावी. तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पुरी होते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. दुसरी भरती साडेबारा तासांच्या आसपास येते. पाऊणकीचा पाढा आतां शाळेंतून बहुतेक गेला, पण येथें तो अजून उपयोगाचा आहे. मुलानें आजोबांस विचारून वेळ काढावी आणि वर्तमानपत्रांत छापलेल्या वेळेशीं ताडून पाहावी. थोडा फरक पडेल, तो किती हेंही लिहावें. मात्र पावसाळ्यांत मुलास एकटें बंदरावर किंवा खाडीकडे जाऊं देऊं नये.

पाऊसही घरींच मोजतां येतो. सपाट बुडाचें, सरळ बाजूंचें भांडें झाड व पागोळी यांपासून दूर उघड्यावर ठेवावें आणि सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें पाण्याची उंची मिलिमीटरांत मोजावी. हवामानखात्याचा दिवस त्याच वेळीं पुरा होतो. मग रुंद पातेलें व अरुंद डबा शेजारीं ठेवून पाहावें. दोहोंत उंची सारखीच कां भरते, याचें उत्तर बापानें लगेच देऊं नये.

भाषेचें काम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. वसईच्या घरांत कोठें सामवेदी, कोठें वाडवळी, कोठें आगरी किंवा वारली बोली आहे. पुस्तकाची मराठी मुलास शाळेंतच भेटते. आजीनें आपल्या बोलींत गोष्ट सांगावी व मुलानें ती जशी ऐकली तशी वहींत उतरवावी. मग घरचा शब्द एका बाजूस आणि पुस्तकांतला दुसऱ्या बाजूस, अशी यादी करावी. आजी निरक्षर असली तरी येथें गुरु तीच. लिहिलेलें मुलानें तिला मोठ्यानें वाचून दाखवावें. चुकलें तर ती तत्काळ टोकील!

रोज अर्धा तास पुरे. मूल कंटाळलें तर थांबावें, परीक्षा घेऊं नये आणि शेजारच्या मुलाचें उदाहरण तर मुळींच देऊं नये. मोबाईल हातीं देऊन मुलास गप्प बसविणें सोपें आहे, पण त्यावरचा धडासुद्धां कोणी मोठें माणूस जवळ बसून बोललें तरच अंगीं लागतो, असें आमचें मत आहे. पावसाचे आंकडे, भरतीच्या वेळा व आजीची गोष्ट यांची वही शाळा उघडेल त्या दिवशीं मुलाबरोबर पाठवावी, म्हणजे मूल कोठवर आलें आहे हें गुरुजींस पहिल्याच दिवशीं कळेल.