टर्बो की सुपरचार्जर? आधी इंजिनाला विचारा!

मित्रहो, सुरुवातीलाच सांगून टाकतो. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी अधूनमधून मिसफायर होतं. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, पण आकडेमोड जरूर तपासा. ती मी तीनदा केली आहे.

विषय निघाला तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे जेव्हा अभ्यास सोडून बाकी सगळे विषय निघतात तेव्हा. माझ्या रूम पार्टनरने जाहीर केलं, "ठरलं! बाबांच्या गाडीला टर्बो टाकायचा." गाडी म्हणजे दहा वर्षांची, १२०० सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. साताऱ्यात बाबा रोज तिच्यातूनच ऑफिसला जातात. चौघं बसून, एसी लावून यवतेश्वरचा घाट चढायला घेतला की बिचारी दुसरा गिअर सोडत नाही. एका गॅरेजवाल्याने ऐंशी हजारात काम करून देतो म्हणून सांगितलं होतं. लगेच विंगमध्ये दोन पार्ट्या पडल्या, टर्बोवाले आणि सुपरचार्जरवाले. आय. सी. इंजिनमध्ये मला बरे मार्क पडले होते, म्हणून न्यायाधीश मी!

आता थोडी थिअरी, कंटाळू नका. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, अडतं ते हवेपाशी. साध्या इंजिनात पिस्टन खाली जातो आणि वातावरणाचा दाब हवा आत ढकलतो, त्याहून जास्त हवा मिळत नाही. मग कॉम्प्रेसर लावून हवा कोंबायची. सुपरचार्जर आणि टर्बो दोघंही हेच करतात. फरक एवढाच, की कॉम्प्रेसर फिरवायचं बिल कोण भरतं.

सुपरचार्जरचं बिल क्रँकशाफ्ट भरतो, बेल्टमधून. रूट्स ब्लोअरचं पेटंट अमेरिकेतल्या रूट्स बंधूंचं, १८६० सालचं, म्हणजे मोटारगाडीच्याही आधीचं. टर्बोचं बिल भरतो एक्झॉस्ट. पेट्रोलच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून गरम वायू होऊन निघून जातो. त्या वायूवर टर्बाइन फिरवायची आणि त्याच शाफ्टवर कॉम्प्रेसर बसवायचा, ही कल्पना स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंट केली. पण टर्बो अगदी फुकट नाही हं. टर्बाइनमुळे एक्झॉस्टमध्ये बॅक प्रेशर वाढतं आणि पिस्टनला वायू बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो.

आता आपल्या हॅचबॅकचा हिशोब करू. बूस्ट ०.५ बार, म्हणजे प्रेशर रेशो १.५. बाहेर ३५ अंश सेल्सिअस. हवा दाबली की तापते, हे आपण फर्स्ट इयरलाच शिकलो. आदर्श कॉम्प्रेसरमध्येसुद्धा ती सुमारे ३८ अंशांनी तापेल. रूट्सची एफिशियन्सी ५५ टक्के धरली तर वाढ ६९ अंश, म्हणजे हवा १०४ अंशांवर. टर्बोच्या कॉम्प्रेसरची ७० टक्के धरली तर वाढ ५४ आणि हवा ८९ अंशांवर. गरम हवा विरळ असते, त्यामुळे दाब ५० टक्के वाढूनही हवेचं वस्तुमान रूट्समध्ये साधारण २२ टक्के आणि टर्बोमध्ये २८ टक्केच वाढतं. इंटरकूलर लावून हवा ५० अंशांवर आणली, तर हाच आकडा ४३ टक्क्यांवर जातो. म्हणजे "टर्बो की सुपरचार्जर" यापेक्षा "इंटरकूलर आहे का" हा प्रश्न मोठा निघाला! आणि ६००० आरपीएमला त्या रूट्सला फिरवायला ठोकळ मानाने ५ किलोवॅट लागतात. ते क्रँकमधूनच जाणार.

सुपरचार्जर पार्टीचा हुकमी एक्का होता टर्बो लॅग. पेडल दाबलं तरी टर्बाइन वेग घेईपर्यंत थांबावं लागतं, आणि तो वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही वर असतो. बेल्टवरचा रूट्स मात्र पहिल्या क्षणापासून हजर. मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. एक तर सगळे सुपरचार्जर रूट्स नसतात. सेंट्रिफ्यूगल जातीचा असेल तर बूस्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे घाटात २००० आरपीएमला तोही झोपलेलाच. दुसरं म्हणजे टर्बो केवढा निवडला यावर लॅग ठरतो.

याचा एक छान पुरावा मर्सिडीजच्या सी-क्लासमध्ये मिळतो. २००७ ची सी २०० कॉम्प्रेसर, १७९६ सीसी, सुपरचार्जरवाली: १८४ हॉर्सपॉवर, २५० न्यूटन मीटर टॉर्क, तोही २८०० आरपीएमपासून. २००९ मध्ये तेवढ्याच सीसीला टर्बो लावून सी २०० सीजीआय आली. पॉवर तीच १८४, पण टॉर्क २७० आणि तो १८०० आरपीएमपासून! डायरेक्ट इंजेक्शनही सोबत आलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय टर्बोला देता येणार नाही. पण "खालचा टॉर्क म्हणजे सुपरचार्जर" हे पाठ केलेलं वाक्य तिथे मोडलं. फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या गोल्फ जीटीला दोन्ही लावून १७० हॉर्सपॉवर काढली होती. पुढे मात्र भर एकट्या टर्बोवरच दिला. आपल्या चाकणला बनलेली २०१३ ची पोलो जीटी टीएसआय त्याच वाटेवरची.

तेव्हा माझा निकाल असा: कंपनीतूनच नवी गाडी घ्यायची असेल तर रोजच्या रस्त्यासाठी छोटा टर्बो, डोळे झाकून. सीसी कमी, आणि उजेडात न येणारी एक्झॉस्टची ऊर्जा कामाला येते. बाहेरून बसवायचाच असेल तर रूट्स जातीचा सुपरचार्जर समजायला सोपा. तापलेलं एक्झॉस्ट बॉनेटखाली फिरवावं लागत नाही, टर्बोच्या बेअरिंगसाठी ऑइल लाइन ओढावी लागत नाही.

पण पार्टनरच्या गाडीसाठी दोन्ही नाही!

कारण हवा ४३ टक्के वाढली तर पेट्रोलही ४३ टक्के वाढलं पाहिजे. जुने इंजेक्टर तेवढं देतील? ईसीयूचं मॅपिंग कोण बदलणार? साध्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो मुळातच जास्त असतो. त्यात दाबलेली, तापलेली हवा भरली की स्पार्कची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं. हेच नॉकिंग. काही मिनिटं पुरतात, पिस्टनची रिंगेजवळची कड तुटायला. ऐंशी हजारात यातलं काय काय धरलंय, असं विचारल्यावर गॅरेजवाला म्हणाला, "ते नंतर बघू." शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले हेच विचारतात.

पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चल, निदान इंजिन तरी तपासू." गाडी आणली, आमच्या लॅबच्या काकांनी कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर १२ बारच्या आसपास, चौथा ८! काकांनी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, आकडा वाढला. व्हॉल्व्हमधून गळती असती तर वाढला नसता. काका एवढंच म्हणाले, "रिंगा गेल्यात रे पोरांनो. ह्याला काय टर्बो लावता?"

घाटात दम का लागत होता, ते तेव्हा कळलं. जादा हवा कोंबायला निघालो होतो, आणि होती तीच हवा खाली गळत होती. त्याच रात्री पार्टनरने घरी फोन लावला, "बाबा, गाडीचं इंजिनचं काम काढू या. तोपर्यंत तुम्ही बसने जा." ऐंशी हजारांच्या बऱ्याच खाली काम झालं. दिवाळीत आम्ही चौघं कासला गेलो, एसी लावून, आणि तिसऱ्या गिअरमध्ये.

तुमच्याही गाडीला पंख लावायचे असतील तर जरूर या. पण येताना कॉम्प्रेशनचे आकडे घेऊन या, चहा माझ्याकडून!