मणक्यांतील चकती आणि सूचिवेध

मनुष्याच्या व कुत्र्याच्या पाठीच्या कण्यात दोन मणक्यांमध्ये एक लवचिक चकती असते. तिचे वेष्टन तंतुमय व आतील गर मऊ असतो. ‘चकती सरकली’ असे आपण म्हणतो खरे. परंतु ती जागची हलत नाही. वेष्टन फुगते वा फाटते आणि गर मागे येतो.

पुढील परिणाम मात्र दोघांत सारखा नाही. मनुष्याचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, आणि चकत्या बहुधा त्याच्या बऱ्याच खाली बिघडतात. तेथे दाब येतो तो मज्जातंतूंच्या मुळांवर. म्हणून पायात कळ उतरते. हीच वैद्यांची गृध्रसी. कुत्र्याचा रज्जू कमरेच्या सहाव्या मणक्याच्या आसपासपर्यंत जातो व चकती बहुधा छाती आणि कंबर जेथे मिळतात तेथे फुटते. काल धावणारे डाक्सहुंड आज मागचे पाय ओढू लागते ते यामुळे. या आखूड पायांच्या जातीत गर कोवळ्या वयातच सुकून त्यात चुना साचतो.

अशा विकारांवर सुया टोचण्याची चिनी पद्धत भारतात आणली डॉ. विजयकुमार बसू यांनी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासह ते १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले होते. १९५८-५९ मध्ये पुन्हा तेथे जाऊन त्यांनी ही विद्या आत्मसात केली आणि कोलकात्यात उपचार सुरू केले.

दिल्लीत जुने महाराष्ट्र सदन ज्याच्या नावाच्या मार्गावर आहे, तो कोपर्निकस पादुआ येथे वैद्यक शिकला होता. उपचाराचा पडताळा पाहण्याची आजची रीत त्या काळच्या वैद्यांना ठाऊक नव्हती. २००७ साली जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर असा पडताळा घेतला गेला. सहा महिन्यांनी सूचिवेधाने ४७.६ टक्के, भलत्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के आणि औषधे-व्यायाम यांनी २७.४ टक्के रुग्णांना आराम पडला. म्हणजे टोचण्याने बरे वाटते. नेमक्या बिंदूंचा महिमा मात्र यातून सिद्ध होत नाही.

ब्राझीलमधील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुयांतून सौम्य विद्युत्प्रवाह दिलेल्या १९ पैकी १५ कुत्र्यांत, तर केवळ शस्त्रक्रिया केलेल्या १० पैकी ४ कुत्र्यांत उपचार यशस्वी ठरला. आकडे आशादायक आहेत. पण संख्या तोकडी आहे, आणि कोणत्या कुत्र्यावर कोणता उपचार करावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते.

मनुष्याची लघवी अडली वा जांघा बधिर झाल्या, अथवा पायाचे बोट चिमट्याने दाबूनही कुत्र्याला वेदना कळेनाशी झाली, तर सुयांची वाट न पाहता त्याच दिवशी शस्त्रवैद्य गाठावा लागतो.