अंतर्मुख, ५४ टक्के

जिते, ता. पेण

चि. सायलीस,


ताईचा फोन आला होता. कर्जतकडच्या आदिवासी वाड्यांवर काम करणाऱ्या संस्थेने तुला बोलावलंय आणि तू नाही म्हणतेस, कारण स्वभावाच्या चाचणीत तू ‘आयएनएफपी’ निघालीस. निकालाचा स्क्रीनशॉट तू मलाही पाठवलास. नोकरी नाकारायला माझी हरकत नाही. कारण पटलं नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करून सुटतेस.

आधी तो आकडा नीट बघ. अंतर्मुख ५४ टक्के. दोन-तीन उत्तरं इकडची तिकडे झाली असती तर तू बहिर्मुख ठरली असतीस, आणि स्वभाव तर तोच राहिला असता. बहुतेक माणसं अशीच मध्याच्या आसपास असतात. चाचणी मध्यावर रेघ मारते आणि रेघेला चिकटून उभ्या असलेल्या दोघांना दोन वेगळी अक्षरं देते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. स्वभावाचा अभ्यास करणारे बहुतेक संशोधक आज माणसाला प्रकारात बसवत नाहीत, पाच गुणांपैकी कोणता किती, एवढंच मोजतात. शिवाय तुझ्या निकालात चारांपुढे आडवी रेघ देऊन पाचवं अक्षर आहे, म्हणजे ती मूळ मायर्स-ब्रिग्ज चाचणीही नव्हे. इंटरनेटवर फुकट मिळणारं तिचं भावंड आहे.

मूळ चाचणीची गोष्ट मात्र मला आवडते. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या दोघींनी मानसशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. इझाबेल राज्यशास्त्र शिकलेली, तिने रहस्यकथाही लिहिली होती. कार्ल युंगचं स्वभावप्रकारांवरचं पुस्तक १९२१ चं. ते या मायलेकींनी घोकलं, आणि दुसऱ्या महायुद्धात बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत जाऊ लागल्या तेव्हा कुणाला कोणतं काम मानवेल हे कळावं म्हणून इझाबेलने प्रश्न रचायला घेतले. तिचा आग्रह एकच होता: हे प्रश्न पसंती विचारतात, कुवत नाही. मोकळीक असेल तर दोनांतलं काय उचलशील, एवढंच. आजही ती चाचणी विकणारेच सांगतात की नोकरीवर घ्यायचं की नाही हे तिच्यावरून ठरवू नका. आणि तू ते स्वतःच स्वतःवर ठरवून मोकळी!

आपल्या आळीच्या टोकाला असलेल्या गणपती कारखान्यातले आखणी करणारे भाऊ तुला आठवतील. डोळे रेखायला बसले की समोरचा चहा गार होतो, पण मान वर होत नाही. मे-जूनमध्ये मुंबईचे व्यापारी येऊ लागले की भाव ठरवायला मालक त्यांनाच पुढे करतो. कमी बोलतात आणि सांगितलेला भाव सोडत नाहीत! त्यांना विचार, आवडतं का? अजिबात नाही म्हणतील. व्यापारी गेले की संध्याकाळी ओट्यावर एकटे बसतात, घरातलं कुणी हाक मारत नाही. पसंती खोटी नसते, सायली. तिच्याविरुद्ध केलेल्या कामाचा शीण येतो, एवढी ती खरी असते. तेव्हा संस्थेला विचारायचं ते हे: आठवड्यातले किती दिवस वाडीवर, किती दिवस कचेरीत अहवाल लिहायला, राहायला वेगळी खोली मिळेल का.

दुसरी गोष्ट मी शाळेत शिकवत असताना पाहिलेली. २०१६ मध्ये राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनबरोबर दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. सात क्षेत्रं होती: कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. आमच्या पोरांचा कल गणवेशाकडे निघाला की मला नवल वाटत नसे. पोलीसभरतीसाठी पहाटे हायवेच्या कडेने धावणारे दादा त्यांना रोज दिसत. प्रयोगशाळेत काम करणारं माणूस कुणी पाहिलेलंच नव्हतं. आणि ललित कलेकडे निघाला तर घरचे म्हणत, रंगच द्यायचा तर इथे कारखाने काय कमी आहेत! न पाहिलेल्या गोष्टीकडे कल निघणार कसा? तू तरी वाडीवर चार बायकांत जमिनीवर बसून कधी बोलली आहेस का? तुझा ‘नको’ कॉलेजच्या स्टेजवरच्या भाषणांबद्दल आहे. स्टेजवर पाय कापणारी कितीतरी माणसं चुलीपाशी बसून तासभर बोलतात, त्यात तुझी आजी होती.

‘पण मामा, वर्णन हुबेहूब माझंच आहे,’ असं तू लिहिलंस. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ मुलांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. मुलांनी ते पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन खरं ठरवलं. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो त्याने ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवला होता. तुझी चाचणी इतकी फसवी नाही. पण ‘तू हळवी आहेस, पण सहज दाखवत नाहीस’ हे वाक्य आपल्या घरात कुणाला लागू पडत नाही ते सांग.

राक्षसगण म्हणून ताईचं एक स्थळ परत गेलं होतं, हे तुला ठाऊक आहे. छत्तीसपैकी सहा गुण त्या गणाचे. ते ऐकून पत्रिकेला हसणारी तू, आणि आता बायोडेटात ही अक्षरं घालावीत का असं विचारतेस! घालू नकोस.

चाचणीचा उपयोग आहे, नाही असं नाही. ताई प्रवासाच्या आठ दिवस आधी पिशव्या भरते आणि तू गाडीची शिटी ऐकू आल्यावर चार्जर शोधतेस, त्यावरून तुमच्यात जे होतं त्यात दोष कुणाचाच नाही, एवढं त्या चौथ्या अक्षरातून कळलं तरी घर शांत होईल. तो निकाल ताईलाच दाखव.

संस्थेला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे म्हणे. त्याआधी एक दिवस त्यांच्याबरोबर वाडीवर जाऊन येते म्हणून विचार, बहुधा नाही म्हणणार नाहीत. परत आल्यावर नको वाटलं तर नको कळव, आणि कारण म्हणून तिथे जे पाहिलंस ते लिही.

तुझा,
मामा