बर्गमॉट : वास हवा, डाग नको!

अर्ल ग्रे चहाचा तो खास वास कशाचा? इटलीतल्या कॅलाब्रियात पिकणाऱ्या, लिंबाच्या भाऊबंदाचा, म्हणजे बर्गमॉटचा! १७०९ साली कोलोन शहरात सुरू झालेल्या फरिना पेढीच्या ‘ओ द कोलोन’मध्येही हेच तेल.

तेल असतं सालीत. वाफेने काढलं, तर सुगंधी लिनॅलिल ॲसिटेटचं विघटन होऊन वास बिघडतो. साल नुसती दाबली, तर वास टिकतो, पण सोबत बर्गाप्टेन उतरतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं, की कातडी भाजते, काळे डाग पडतात.

मग इलाज? व्हॅक्यूम डिस्टिलेशन! दाब कमी केला, की उत्कलनबिंदू उतरतो. सुगंधी भाग कमी तापमानालाच वर जातो, जड बर्गाप्टेन तळाशी राहतं.

‘मास ट्रान्सफर’ कंटाळवाणा वाटतो ना? तिथलं गणित चुकलं, तर कुणाची तरी मान भाजते!