थायरॉइडची वानगी

प्रश्न : माझ्या वहिनीच्या रक्ततपासणीत ‘अँटी-टीपीओ’ खूप वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, शरीरच थायरॉइडवर उलटलंय. जन्मापासून गळ्यात असलेली ग्रंथी शरीराला परकी कशी वाटू लागते?
– एक वाचक, मोहाडी (जि. भंडारा)

उत्तर : तुमच्याकडे धान विकायला नेलं की व्यापारी पोतं ओतून पाहत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेतो, चोळतो, फुंकर मारून तूस उडवतो आणि त्या वानगीवरून माल पारखतो. शरीरातली पारख अशीच चालते. प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर मांडले जातात आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ते तपासतात. यातला एचएलए-डीआर हा तळहात मुख्यतः रोगप्रतिकार यंत्रणेच्याच पेशींकडे असतो. निरोगी थायरॉइड पेशीवर तो सहसा नसतो.

१९८३ मध्ये लंडनला बोटाझो, हानाफुसा आणि सहकाऱ्यांना ग्रेव्हज या, शरीर थायरॉइडवर उलटण्याच्याच एका आजाराच्या रुग्णांच्या थायरॉइड पेशींवरच तो सापडला. त्यांनी तर्क मांडला : ही पेशी स्वतःच आपली वानगी लिम्फोसाइटपुढे धरते आणि हल्ला ओढवून घेते. टीपीओ हे त्या पेशीतलंच प्रथिन. आयोडीन जोडून संप्रेरक घडवण्याचं काम त्याचं; अँटी-टीपीओ म्हणजे त्याच्याविरुद्ध शरीराने घडवलेली प्रतिपिंडं.

मला हा तर्क फार आवडतो, पण आजाराचं मूळ त्यात नाही. लिम्फोसाइटांनी सोडलेलं इंटरफेरॉन-गॅमा दिलं की प्रयोगशाळेत निरोगी थायरॉइड पेशीही एचएलए-डीआर दाखवू लागते. म्हणजे आधी लिम्फोसाइट ग्रंथीत शिरतात, मग पेशी तळहात पुढे करते आणि आग धुमसत राहते. थायरॉइडवरच्या अशाच एका आजाराला ज्याचं नाव आहे, त्या हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींचं वर्णन केलं, तेव्हाही लिम्फोसाइटांची ही दाटी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली होती. त्या आत का शिरतात, यात घराण्याकडून आलेल्या जनुकांचा वाटा मोठा आहे, आणि बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

वहिनी एकट्या नाहीत. मुंबई-गोव्यासह देशातल्या ८ शहरांत झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २२ टक्के प्रौढांमध्ये अँटी-टीपीओ आढळलं. त्यांतल्या अनेकांची ग्रंथी नीट काम करते. म्हणून अँटी-टीपीओचा आकडा कमी करण्यासाठी पुन्हा पुन्हा तपासणीवर पैसे घालवू नका. थायरॉइड संप्रेरकाची गोळी लागेल का आणि किती, हे मुख्यतः टीएसएच या, थायरॉइडला काम करायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या रक्ततपासणीवरून ठरतं. गोळी सुरू झालीच तर सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची; चहा नंतर. आयोडीनयुक्त मीठ स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि वहिनींना दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर हा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.