वाचकांचे प्रश्न : क्लेम चालू असताना फिजिओथेरपी थांबवावी का?

प्रश्न : केडगावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. वय ३८. तीन महिन्यांपूर्वी बायपासवर टेम्पोने माझ्या मोटारसायकलला धडक दिली. नडगीच्या हाडात रॉड टाकलाय. दवाखान्यातच एकजण वकिलाचं कार्ड देऊन गेला : "आत्ता काही देऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के." मेव्हणे म्हणतात, फिजिओथेरपी बंद कर, अपंगत्वाची टक्केवारी वाढेल. ऑस्ट्रेलियातला भाचा सांगतो, वकील लावला की माणूस लवकर बरा होत नाही. कुणाचं ऐकू? – एक वाचक, केडगाव (अहिल्यानगर)

उत्तर : भाचा निदान अभ्यासाला धरून बोलतो आहे. वकील घेतलेले जखमी उशिरा सावरतात, असं परदेशातल्या बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. पण ज्याचं दुखणं मोठं आणि ज्याचा विमा कंपनीशी वाद जुंपलेला, तोच वकिलाचा जिना चढतो. त्यामुळे दोष वकिलावर टाकणं घाईचं होईल. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताने १९९५ साली चूक कुणाची हे न पाहता भरपाई द्यायला सुरुवात केली आणि वेदनांपोटी मिळणारी रक्कम बंद केली. मानेला हिसका बसलेल्यांचे दावे आधी ४३३ दिवसांत मिटत, ते साधारण दोनशे दिवसांत मिटू लागले. दावा मिटला म्हणजे मान बरी झालीच असं नव्हे, पण भांडणाचा खोळंबा दुखण्याला पोसतो असं मानायला जागा आहे.

मेव्हण्यांचा सल्ला मात्र पायालाही वाईट आणि पैशालाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा धरायचा नाही. पायाचं ४० टक्के अपंगत्व म्हणजे सगळ्या शरीराचं ४० टक्के नव्हे. त्या अपंगत्वाने या माणसाची कमाई किती घटली, हे पाहायचं. ज्याने उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरच्या 'तयार' दाखल्यांपासून सावध राहायलाही न्यायालयाने बजावलं आहे. आणि फिजिओथेरपी मध्येच सोडल्याचं कागदांत दिसलं, तर कंपनीचा वकील उलटतपासणीत तेच उकरून काढेल.

तुमची खरी लढाई वेगळीच आहे : कमाई सिद्ध करण्याची. पगाराची स्लिप नाही. समजा, महिना १८,००० रुपये मान्य झाले. वर्षाचे २,१६,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला भावी वाढीचे ४० टक्के मिळवून ३,०२,४००. कमाईची क्षमता २० टक्के घटली असं ठरलं, तर ६०,४८०. तुमच्या वयाचा गुणक १५, म्हणजे ९,०७,२००. उपचारखर्च, वेदना वगैरे वेगळं. महिना १२,०००च मान्य झाले, तर हाच आकडा ६,०४,८०० वर येतो. बँकेचं स्टेटमेंट, लोखंड आणि रॉडच्या खरेदीची बिलं, गिऱ्हाइकांची वही, दुकान बंद राहिल्याचा पुरावा आजच गोळा करा. हे मांडायला वकील हवाच, असं माझं मत. कायद्याने तो सक्तीचा नाही. पोलिसांचा सविस्तर अपघात अहवाल हाही दावा अर्ज म्हणून धरता येतो. पण समोर कंपनीचा वकील रोज हेच काम करणारा असतो.

मात्र तो कार्डवाला नको. निकालातल्या रकमेत वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, आणि दवाखान्यात माणूस पाठवून पक्षकार गोळा करायलाही. फी आधी ठरवा, कागदावर घ्या. कोऱ्या कागदावर सही नको. आलेली रक्कम थेट तुमच्याच खात्यात जमा होईल, हे पाहा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. अपंग व्यक्ती मोफत वकिलाला पात्र असतात.

मुदतीचं विसरू नका. १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अहिल्यानगरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा. व्याजही अर्जाच्या तारखेआधीचं मिळत नाही. फिजिओथेरपीच्या पावत्या मात्र सगळ्या जपा, तो खर्चही मागता येतो.